सातवी सुई

बसा. त्या खुर्चीवर नगं, ती अजहरनं लातूरहून आनलेली फोमची हाय, मानूस उठला की खुर्चीबी संगं उठती. इथं गादीवर टेका. तुमचा कापूस पिंजून व्हायला अजून तास लागंल, मशीनचा पट्टा आत्ताच चढवलाय. तवर एक गोष्ट सांगतो. आत शिरताना तुमी त्या ताडपत्रीकडं बघितलं ते मी बघितलं. हाव, तिच्याखाली विमानच हाय. देगलूर नाक्यावर, गादीवाल्याच्या शेडात, पेट्यांत सुटं सुटं आलेलं विमान आमी घरचेच जोडून राहिलो. पन विमानाची गोष्ट नंतर. आज एका सुईची सांगतो. तिच्यापायी या मकबूलची मान कशी खाली गेली आन पुन्हा कशी वर आली, समदं सांगतो. मधी उठू मात्र नका. कामून ते पुढं कळंल.

तर विमान आमच्या अर्शीचं. पोरगी अकरा वर्षं हैदराबादला विमानं दुरुस्त करून राहिली. एक दिवस आली आन म्हनली, "अब्बा, लोकांची लई केली, आता स्वतःचं करते. शेड द्या." मी म्हनलं, घे. अजहर लातूरहून फोनवर वरडला, "अब्बा, त्या शेडात माझा माल ठेवायचा होता ना!" मी फोन हिच्या अम्मीच्या हातात दिला. तिच्यापुढं अजहरची बोलती बंद व्हती.

आता पंख म्हंजे काय ते ऐका. अल्युमिनच्या फासळ्या, त्याच्यावर दोन्ही बाजूंनी कापड. कापड चिकटवायचं, इस्त्रीनं तापवायचं, की ते आवळून ढोलकीवानी ताठ बसतं. मग प्रत्येक फासळीला मेनाच्या दोऱ्यानं टाके मारायचे, न्हाईतर वर गेल्यावर हवा कापड उचलून नेती. पंख आडवा न्हाई, उभा करायचा, कडेवर. एक मानूस या बाजूला, एक त्या बाजूला. हा सुई घुसवतो, तो वढतो. अर्शी किताबातून हे वाचून सांगत होती आन तिची अम्मी चांदबी पदरात तोंड घालून हसत होती.

"अम्मी, हसायला काय झालं?"

"अगं ही तर गादी हाय. कापूस भरायचा इसरले हे लोक."

"अम्मी, गादी नाही ही. गादीत टाका खोल ओढतात. इथं खोल ओढला तर फासळी वाकते."

"मग बसवते नुसता, वढत न्हाई. तू किताब बंद कर, दोरा दे."

जुन्या चौकटीवर तीन दिवस तिनं हात बसवला. तिसऱ्या दिवशी अर्शीनं पट्टी लावून टाके मोजले आन पट्टी खाली ठेवली. तिचा चेहरा मी बघत होतो. शाळेत पैला नंबर आला तवाबी असा न्हवता.

आमच्या दुकानाचा एक कायदा हाय. शिवन झाली की सगळ्या सुया त्या लाल गादुलीत, म्हंजे सुयांच्या छोट्या उशीत, खुपसायच्या आन मोठ्यानं मोजायच्या. मोजनी होईपर्यंत जागेवरून कोनी उठायचं न्हाई. चहा न्हाई, पानी न्हाई, गिऱ्हाईक आलं तर उभं राहू दे. हा कायदा अब्बाजानचा. अर्धापूरला एका केळीवाल्याच्या घरी लग्नाची गादी दिली होती, तिच्यात सुई राहिली. नवरीच्या मांडीत घुसली. खबर आली तसे अब्बाजान सायकलीवर अर्धापूरला गेले. अंगनात, सगळ्या वऱ्हाडासमोर गादी उसवली, कापूस बाहेर काढला, सुई काढून सगळ्यांना दाखवली आन तिथंच बसून पुन्हा शिवली. घरी आल्यावर तीन दिवस बोलले न्हाई. चौथ्या दिवशी कायदा. मी सहा वर्षांचा होतो. तवापासून या घरात सुई हरवली न्हाई.

पंखाच्या कामाला सात सुया. दोन विमानाच्या पेटीतल्या, चार दुकानच्या आन एक अब्बाजानची. ती झिजून झिजून आखूड झालेली, जेमतेम वीतभर. ती रोज वापरत न्हाई. लग्नाच्या गादीचा शेवटचा टाका तेवढा तिनं पडतो. चांदबी म्हनली, "माझ्या पोरीच्या पंखालाबी शेवटचा टाका त्याच सुईचा."

उजवा पंख जुम्म्याच्या दिवशी व्हायचा होता. शनिवारी सकाळी तपासनीवाले पंचाक्षरी सायेब येनार होते. टाके त्यांनी बघून सही केल्याबिगर वरची पट्टी न्हाई, रंग न्हाई. आन सायेब एकदा गेले तर पुन्हा कवा येतील त्याचा नेम न्हाई. म्हनून अर्शीनं समद्यांना बोलावलं. आमचा रामकिशन तर रोजचाच. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला, या विमानाचा एकेक रिवेट त्याच्या हातचा. सून मनतशा, उदगीरची पोरगी, आठवडाभर आधीच लातूरहून आलेली, इस्त्री तिच्याकडं. आन जुम्म्याला तिच्या मागून, मान खाली घालून, अजहर.

अजहरच्या मनात काय होतं ते त्यानं मला लई दिवसांनी सांगितलं. दहावीत असताना त्याचा एक टाका तिरका गेला होता. मी गिऱ्हाइकासमोर तो उसवला. तवापासून त्यानं सुई धरली न्हाई. लातूरला जाऊन फोमच्या गाद्या इकायला लागला, जिथं टाकाच न्हाई. त्या दिवशी तो आला ते बायकोनं वढून आनलं म्हनून. शेडात आला, पंख उभा बघितला, आन म्हनला त्याच्या बोटांना आपोआप खाज सुटली.

"जागा हाय का एखादी?" त्यानं अम्मीला इचारलं.

चांदबीनं त्याच्यापुढं सुई धरली. चौथी फासळी त्याला दिली. पलीकडं रामकिशन.

"सावकाश रे लातूरकर," रामकिशन म्हनला. "फोम न्हाई हे, माझ्या बोटात घुसंल."

"काका, तुम्ही बोट मागं घ्या, जबान बी."

असं हसत-बोलत दुपार गेली. शेवटच्या फासळीवर चांदबी आन मी. ती अलीकडं, मी पलीकडं. पंखाची ती जागा सगळ्यात जाड, मधी जवळजवळ वीतभर पोकळ. आन तेवढ्यात गेटावरून व्यंकटी चहावाल्यानं हाक मारली, "मकबूलभाई, हे खरंच उडनार हाय का? इथं मानसं जमलीत!" मी दोन शब्द बोलून आलो. आलो तवर टाका झाला होता, दोऱ्याला गाठ पडली होती.

मग मोजनी. गादुली मधी ठेवली, सगळे गोल बसले. मी मोजायला लागलो.

"एक. दोन. तीन. चार. पाच. सहा."

पुन्हा मोजलं. सहा. अब्बाजानची न्हाई.

सतरंजी झटकली. चपला उलट्या केल्या. रामकिशननं जळक्या स्पीकरचा लोहचुंबक आनून कापडावरून फिरवला, पन आत पोलादी तारा, नट, बोल्ट. चुंबक प्रत्येक ठिकानी चिकटायला लागला. त्यानं तो खिशात घातला आन माझ्याकडं न बघता म्हनला, "आत हाय, मकबूलभाई."

अर्शी पांढरी पडली. "आत असेल तर हा पंख उडणार नाही. फासळ्या जाळीदार आहेत, सुई घरंगळत कुठंही जाईल. पंखाच्या टोकाला दांडा हलतो, विमान वळवायचा. तिथं अडकली तर मी वर बसलेली असेन आणि दांडा हलणार नाही."

शेडात मशीनबी बंद होती.

मग अर्शी भावाकडं वळली. "भाईजान, तुमच्या फासळीवर किती सुया होत्या?"

"एक. ती ही बघ, गादुलीत."

"बघा बरं आठवून. तुम्हाला सवय नाही राहिली."

"म्हंजे फोमवाल्यानं हरवली, असंच ना?" अजहर उठला. "वाटच बघत होते सगळे! मी सुई धरली आन घरात पैल्यांदा सुई हरवली. लिहून ठेवा!"

"मी असं म्हणाले का?"

"न्हाई म्हनली, पन नजर काय म्हनती?"

"पोरी, त्याचा टाका मी पलीकडून घेतला," रामकिशन मधी पडला. "त्याची सुई माझ्या हातून गादुलीत गेली. त्याच्यावर येऊ नको." आन हाच रामकिशन वर्षभर अजहरला लातूरकर म्हनून टोचत होता!

अजहरचा पारा अजून चढला. "मग फाडा समदं कापड. मनतशा, कात्री आन."

"बारा फासळ्यांचं?" मनतशा म्हनली. "मी सहा दिवस इस्त्री केली त्याच्यावर. थर्मामीटर लावून लावून. कात्री तुमच्या बापाच्या दुकानात असंल, माझ्याकडं न्हाई."

तवा चांदबी बोलली. हळूच. "फाडू नका. शेवटच्या फासळीला हाय, खालच्या अंगाला. माझ्या हातून गेली."

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"डोळे जड झालेत माझे. दिसलं न्हाई. सुई घुसवली आन आत पडली, दोरा नुसता हातात आला. म्हनलं कोनाला सांगू." तिनं ती लाल गादुली उचलली, मांडीवर घेतली, आन मनतशासमोर ठेवली. "डाव्या पंखाला तू बस, बेटा. मी दोरा मेनवून देईन."

पंचेचाळीस वर्षं ती गादुली तिच्या मांडीजवळ होती. ती दुसऱ्याच्या पुढं गेली ते मी या डोळ्यांनी बघितलं.

अजहर एकदम मऊ पडला. "अम्मी, बस झालं आता. तू लातूरला चल. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवू. आता सुई न्हाई."

आन अर्शी, जी अर्ध्या मिनिटापूर्वी भावाशी भांडत होती, तीबी म्हनली, "हो अम्मी. भाईजान बरोबर बोलतात. डावा पंख आम्ही करू."

दोघं भाऊ-बहीन वर्षात पैल्यांदा एका बाजूला झाले, आन ते अम्मीच्या हातातली सुई काढून घ्यायला. मी? मी तोंड शिवल्यासारखा बसलो होतो. खरं सांगतो, लपवत न्हाई.

मनतशानं गादुलीला हात लावला न्हाई. ती सासूकडं बघत होती. तिनं दुपारी काईतरी बघितलं होतं, इस्त्रीची वायर गुंडाळता गुंडाळता. पन सासऱ्यासमोर बोलावं का न्हाई, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिनं डोक्यावरचा दुपट्टा सारखा केला आन इचारलं, "अम्मी, एक सांगा. शेवटचा टाका मारताना तुमी उठून पलीकडं कामून जात होत्या? सुई घुसवायची, फिरून पलीकडं जायचं, वढायची, फिरून इकडं यायचं. मी बघितलं. पलीकडं कोनी न्हवतं का?"

चांदबी म्हनली, "गप बस, बेटा."

मनतशा गप बसली. पन इचारलेलं ते शेडात तसंच राहिलं. अजहरनं माझ्याकडं बघितलं. मग अर्शीनं. रामकिशननं बघितलं न्हाई, त्याला आधीच कळलं होतं. जुना दोस्त हाय.

मी उभा राहिलो. गुडघे वाजले.

"पलीकडं मी होतो," मी म्हनलं. "म्हंजे असायला पायजे होतो. हिनं सुई घुसवली आन 'घ्या' म्हनली. मी गेटावर होतो. मानसं जमली होती, मी त्यांना सांगत होतो की माझी पोरगी विमान बांधून राहिली. व्यंकटीला दोनदा सांगितलं. तिकडून मोंढ्याच्या बाजारातले दोघं आले, त्यांना पैल्यापासून सांगितलं. आखूड सुई, जाड जागा, घेनारा न्हाई. पडली. मग दुसऱ्या सुईनं, एकटीनंच फिरून फिरून, हिनं टाका पुरा केला. हिच्या डोळ्यांना काय झालं न्हाई. हिनं माझं झाकलं."

"अजी, समद्यांसमोर..." ती म्हनली.

"समद्यांसमोरच. अजहरचा टाका मी समद्यांसमोरच उसवला होता ना."

अजहरनं मान फिरवली. त्याच्या नाकाचा आवाज आला.

मग मी गादुली उचलली आन चांदबीच्या मांडीवर ठेवली. तिनं एक सुई काढली, पदराला पुसली, पुन्हा खुपसली. तिला माझ्याशी बोलायचं न्हवतं, एवढं मला कळलं.

आता नवा झगडा. अजहर म्हनला, "चला, जागा कळली ना. आत्ता छोटं भोक पाडू, सुई काढू, पट्टी लावू. सकाळी सायबाला कळनार बी न्हाई."

"तसं भोक पाडायची सोय असते," अर्शी म्हनली. "आतलं बघायला झाकणं ठेवतातच. पण साहेबांना सांगायचं की नाही?" आन तिनं माझ्याकडं बघितलं. कसं बघितलं सांगू? लहानपनी सायकल शिकताना सीट सोडली की बघायची, तसं. सायेब चिडले आन पंख नापास केला तर तिचं वर्ष जातं.

मी म्हनलं, "माझ्या बापानं अंगनात गादी उसवली."

"अब्बा, तो जमाना..." अजहर सुरू झाला.

"सकाळी," चांदबी म्हनली. "सायबासमोर. तवर पंखाला कोनी हात लावायचा न्हाई. चला, खिचडी टाकायची हाय."

झालं. तिनं म्हनलं म्हंजे झालं.

सकाळी नऊला पंचाक्षरी सायेब आले. बारीक मानूस, शर्टाच्या खिशात तीन पेन. अर्शी काई बोलायच्या आत मीच पुढं झालो. "सायेब, आधी माझं ऐका. पंखात सुई पडली हाय. माझ्यामुळं. तुमच्या समोर काढतो, मग काय ते ठरवा."

त्यांनी चश्म्यातून माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला कसं कळलं आत आहे?"

"सात होत्या. सहा भरल्या."

"मोजता तुम्ही?"

"शिवन झाली की, रोज. साठ वर्षं झाली."

सायेब स्टूल वढून बसले. अर्शीनं कापडावर गोल चकती चिकटवली, मधलं कापड कापलं. तळहाताएवढं भोक. अजहरचा हात जाईना. रामकिशनचा तर इचारूच नका. चांदबीनं बांगड्या मागं सारल्या, बाही वर केली, आन हात आत घातला कोपरापर्यंत. डोळे मिटलेले. आमी समदे तिच्या तोंडाकडं बघून राहिलो. एकदा कपाळाला आठी पडली. मग गेली.

सुई बाहेर आली. तिनं ती माझ्याकडं दिली न्हाई, अर्शीकडं न्हाई, सरळ गादुलीत खुपसली. आन गादुली सायबापुढं केली. "मोजा."

सायबांनी मोजल्या. खरंच, बोट लावून, मोठ्यानं. "सात." मग म्हनले, "आमच्या हँगरमध्ये संध्याकाळी नट आवळायचे पाने मोजतात. एक कमी भरला तर विमान हलत नाही, मग कुणी का ओरडेना. सुया मोजणारं घर मी आज पहिल्यांदा बघतोय."

मग ते पंखापाशी गेले. पट्टी लावली, टाका टाका तपासला, नखानं दोरा छेडून बघितला. बारा फासळ्या, दोन तास. चौथ्या फासळीशी थांबले. वरून खाली, खालून वर बघितलं.

"ही ओळ कुणाची?"

अजहर मागं सरकला. त्याला वाटलं तिरकी गेली.

"माझी," तो म्हनला.

"सगळ्यात सरळ आहे."

मी अजहरकडं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर दोघांचंबी अवघड झालं असतं. आत गेलो, चहा घेऊन आलो, कपबशी पैल्यांदा सायबाला दिली आन दुसरी अजहरला. या घरात दुसरा कप माझा असतो, हे त्याला ठाऊक हाय. त्यानं घेतला. लातूरला जाताना ती चौथ्या फासळीची सुई मागून घेऊन गेला. त्याच्या जागी दुकानची दुसरी घातली, म्हनून सातच हायत अजून.

विमानाची एक वही असती. कोनी काय काम केलं ते तिच्यात लिहायचं. सायबांनी पंख पास करून सही केली आन सांगितलं, टाके मारनाऱ्याचं नाव लिहा. अर्शीनं लिहिलं: उजवा पंख, टाके, चांदबी मकबूल. चांदबीनं उर्दूत सही केली, सायेब म्हनले चालंल. मी म्हनलं, खाली माझंबी लिही. "काय लिहू, अब्बा?" लिही, शेवटच्या टाक्याला मकबूल जागेवर न्हवता, सुई आत पडली, काढली. पोरगी हसली आन रडलीबी. पन लिहिलं. मी सही केली, चौथी पास मानसाची, मोठ्या अक्षरांत. विमान जवा उडंल तवा ती वही अर्शीच्या मागच्या खनात असनार हाय. म्हंजे माझी चूकबी वर जानार. जाऊ द्या. त्याच वहीत चांदबीचं नाव हाय ना.

मनतशा आता महिन्यातून दोनदा येती. नवऱ्याला इचारत बी न्हाई. आन चांदबी माझ्याशी तिसऱ्या दिवशी बोलली. अब्बाजानपेक्षा एक दिवस कमी.

घ्या, तुमचा कापूस होत आला. पन आता माझं एक काम हाय तुमच्याकडं. तो बघा, ताडपत्रीच्या पलीकडं उभा हाय तो डावा पंख. अकरा फासळ्या झाल्या. बारावीचा शेवटचा टाका आता दुपारी हाय. अब्बाजानची सुई. चांदबी अलीकडं बसंल, मी पलीकडं. मी बसनार, मोजनी होईपर्यंत हलनार न्हाई, पन त्या व्यंकटीला मी वळखतो. बरोबर त्याच टायमाला गेटावर चार मानसं जमा करंल आन हाक मारंल. आन माझे पाय माझं ऐकत न्हाईत हो, तेवढ्या एका गोष्टीला.

तवा एवढं करा. हाक आली की तुमी जा गेटावर. माझ्या बदल्यात सांगा त्यांना. पोरीनं बांधलं म्हना. चौथी फासळी लातूरच्या पोराची, इस्त्री सुनंची, रिवेट रामकिशनचे म्हना. टाके चांदबीचे हे दोनदा सांगा. उडनार का म्हनून इचारलं तर हाव म्हना, छाती पुढं काढून म्हना.

पन मला उठवू नका.